मुलं बी.ए.ला जाताना: खान्देशातल्या आई-वडिलांसाठी पहिल्या वर्षाची वाट

बारावीनंतर मुलाने किंवा मुलीने कला शाखा निवडली, की खान्देशात गावोगाव एकच प्रश्न कानावर येतो: "बी.ए. करीसन काय व्हई?" विचारणाऱ्यांत शेजारी असतात, मामा असतात, पुष्कळदा घरातले आबा नाहीतर नानाच असतात. निर्णय झालेला असेल तर त्या वादात आता शिरू नका. मूल कॉलेजला जाणार आहे आणि पहिल्या वर्षात आई-वडिलांनी करायची कामं पुष्कळ आहेत. ती इथे क्रमाने सांगतो.

मी तालुक्याच्या गावी कला शाखेला शिकवतो. इतक्या वर्षांत एक गोष्ट मला ठामपणे पटली आहे: आमच्याकडची मुलं बुद्धी कमी म्हणून मागे पडत नाहीत, त्यांचा वेळ जातो म्हणून मागे पडतात. इंजिनिअरिंगच्या मुलाला कुणी कपाशी वेचायला बोलावत नाही. बी.ए.च्या मुलाला सगळे बोलावतात, कारण "त्याला काय, बारा वाजता घरी येतो". कला शाखेचा निम्मा अभ्यास वर्गाबाहेर, त्या दुपारच्या वेळातच व्हायचा असतो. तो वेळ राखणं हे पालकांचं पहिलं काम आहे.

पायरी पहिली: कुठल्या प्रकारचं कॉलेज, हे ठरवा

साधारण तीन वाटा दिसतात. पहिली आपल्याच भागातल्या कॉलेजची. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतली कॉलेजं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कक्षेत येतात. हे विद्यापीठ 1990 साली पुणे विद्यापीठातून वेगळं झालं. अमळनेरचं प्रताप आणि जळगावचं मूळजी जेठा ही कॉलेजं त्याहून कितीतरी जुनी, 1945 सालची. दुसरी वाट पुण्या-मुंबई-नाशिकच्या जुन्या अनुदानित कॉलेजांची. पुण्याचं फर्ग्युसन 1885 चं. तिसरी वाट अलीकडची, खासगी विद्यापीठांतल्या 'लिबरल आर्ट्‌स'ची. पुण्यात फ्लेम आणि सिम्बायोसिस, हरियाणात सोनीपतला अशोका, बंगळुरूला अझीम प्रेमजी विद्यापीठ ही त्यांतली ठळक नावं.

लिबरल आर्ट्‌सची पद्धत थोडक्यात अशी: अर्थशास्त्र शिकायला आलेली मुलगी सोबत तत्त्वज्ञान, संख्याशास्त्र, नाट्य, पर्यावरण असेही विषय घेते आणि मुख्य विषय काही काळाने पक्का करते. वर्गात चर्चा जास्त, घरी वाचन जास्त, निबंध लिहिणं सतत. शिक्षण चांगलं असतं, पण खासगी विद्यापीठांची फी वर्षाला काही लाखांत जाते आणि तिच्यावर वसतिगृहाचा खर्च वेगळा. शासनाच्या बऱ्याच शिष्यवृत्ती योजना स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठांना लागू होत नाहीत, हे फॉर्म भरण्याआधी विचारून घ्या. उलट अझीम प्रेमजीसारख्या ठिकाणी घरच्या उत्पन्नावर आधारित मोठी मदत मिळू शकते. म्हणून केवळ फीचा आकडा ऐकून घाबरू नका. आर्थिक मदत किती, ती चारही वर्षं टिकते का आणि गुण घसरले तर बंद होते का, या तीन प्रश्नांची उत्तरं लेखी घ्या.

माझं मत विचाराल तर, जमीन विकून किंवा सावकाराकडून पैसे उचलून मुलाला बी.ए.साठी महागड्या विद्यापीठात घालू नये. शैक्षणिक कर्ज घ्यायचंच असेल तर बँकेचं घ्या. केंद्र सरकारची पी.एम. विद्यालक्ष्मी योजना 2024 च्या नोव्हेंबरमध्ये मंजूर झाली. तिच्यात निवडक, वरच्या क्रमांकाच्या संस्थांसाठी विनातारण कर्ज मिळतं, आणि वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांना 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात 3 टक्के सवलत आहे. मुलाची संस्था त्या यादीत आहे का, ते योजनेच्या पोर्टलवर दिसतं. आपल्याच तालुक्यातलं चांगलं कॉलेज, तिथलं ग्रंथालय आणि घरचं जेवण ही जोडीही वाईट नाही. फक्त तिच्यात शिस्त घरच्यांना लावावी लागते.

पायरी दुसरी: प्रवेशाचा फॉर्म मुलासोबत बसून वाचा

ज्या पालकांनी जुनं बी.ए. केलं आहे, त्यांना हा फॉर्म परका वाटेल. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवी आता तीन किंवा चार वर्षांची आहे. एका वर्षानंतर बाहेर पडलं तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के किंवा जास्त गुण असले तर चौथं वर्ष संशोधनासह करता येतं. तीन वर्षांच्या पदवीवर एम.ए. दोन वर्षांचं, चार वर्षांच्या पदवीवर एकाच वर्षाचं.

इथे एक सावधगिरी. "एक वर्ष करू, प्रमाणपत्र घेऊ, मग बघू" असं म्हणून मूल मध्येच काढू नका. बाहेर पडणाऱ्याला त्यासाठी जास्तीचे 4 क्रेडिट (अभ्यासाच्या तासांवरून मोजलेले श्रेयांक) कौशल्याच्या कोर्समधून किंवा इंटर्नशिपमधून मिळवावे लागतात. परतायचं तर तीन वर्षांच्या आत यावं लागतं आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करावी लागते. ही सोय खरोखरच अडचणीत सापडलेल्या मुलांसाठी आहे. आमच्याकडे ती लग्नाची किंवा कंपनीतल्या कामाची पळवाट होऊ लागली तर मुलांचं नुकसान आहे.

आता फॉर्मवरचे रकाने. मेजर म्हणजे मुख्य विषय. मायनर म्हणजे जोडविषय. ओपन इलेक्टिव्ह म्हणजे दुसऱ्याच शाखेचा विषय. तालुक्याच्या कॉलेजात इतिहासाची मुलगी वाणिज्याचा एखादा पेपर घेऊ शकते, ती इथेच. त्याशिवाय कौशल्याचे, भाषेचे, मूल्यशिक्षणाचे आणि भारतीय ज्ञानपरंपरेचे छोटे पेपर असतात. मुख्य विषय प्रवेशावेळीच ठरतो की पहिल्या वर्षानंतर, हे कॉलेजनुसार बदलतं. ते प्रवेशाच्याच दिवशी विचारा. आणखी एक विचारा: "या मेजरला शिकवायला कायम प्राध्यापक किती आहेत आणि चौथं वर्ष या कॉलेजात आहे का?" पालक हा प्रश्न सहसा विचारत नाहीत, पण कॉलेजच्या इमारतीपेक्षा त्याच्या उत्तरावरून जास्त कळतं.

विषय निवडताना "कुठला सोपा" हे मित्रांना विचारून ठरवण्याची पद्धत आहे, ती मोडा. त्याऐवजी मुलाला अकरावी-बारावीचं त्या विषयाचं पुस्तक काढायला सांगा. कुठलं प्रकरण त्याने परीक्षेचं नसतानाही वाचलं होतं? उत्तर मिळालं तर विषय मिळाला. मानसशास्त्राला हल्ली फार ओढ आहे. चांगलं आहे, पण चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायचं तर एम.ए. आणि पुढचं भारतीय पुनर्वास परिषदेच्या मान्यतेचं प्रशिक्षण लागतं, हे सुरुवातीलाच मुलीला कळू द्या. भूगोलात नकाशे आणि जी.आय.एस.चं, म्हणजे संगणकावरच्या नकाशांचं, काम आहे, अर्थशास्त्राला आकडेमोडीची तयारी लागते, भाषेच्या विषयांना भरपूर वाचन.

पायरी तिसरी: कागदपत्रांची पिशवी

यावर फार लिहीत नाही, पण जुलैमध्ये सेतू केंद्रापुढे रांगेत उभे असलेले घामाघूम पालक बघून दरवर्षी वाईट वाटतं. दहावी-बारावीची गुणपत्रकं, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, रहिवासी किंवा अधिवास दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला आणि नॉन क्रिमीलेयर. शिक्षणात खंड असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. दुसऱ्या बोर्डातून किंवा दुसऱ्या राज्यातून आलेल्या मुलाला स्थलांतर प्रमाणपत्रही लागतं. सुरत-वापीकडे शिकून परत आलेली मुलं आपल्याकडे बरीच आहेत, ती नेमकी इथे अडकतात.

प्रत्येकाच्या चार झेरॉक्स आणि मोबाईलमध्ये एक स्वच्छ फोटो ठेवा. मूळ कागद कॉलेजने बघून परत द्यायचे असतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने मूळ कागदपत्रं अडवून ठेवायला मनाई केली आहे. मुलाचा अपार आयडी (विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक) आणि अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्‌सचं (मिळवलेले क्रेडिट जमा होतात ते) खातं डिजिलॉकरवरून उघडून घ्या. नाव आधारवर एक, गुणपत्रकावर दुसरं असेल, वडिलांच्या नावात 'पाटील' एकीकडे पुढे आणि एकीकडे मागे असेल, तर ते आत्ताच दुरुस्त करा. पदवी हातात आल्यावर ही दुरुस्ती फार महाग पडते.

जात वैधतेचा अर्जही सवड काढून करून टाका. बी.ए.च्या प्रवेशाला तो सहसा अडत नाही, पण पुढे नोकरीच्या वेळी त्याच्यावाचून अडतं.

पायरी चौथी: पैशाचं वेळापत्रक शेताच्या वेळापत्रकाशी जुळवा

खान्देशातल्या घरांची खरी अडचण ही, की फी जून-जुलैत भरायची असते आणि तेव्हा हातातला पैसा बियाण्यात आणि खतात गेलेला असतो. कापसाचा पैसा दिवाळीच्या आसपास येतो. म्हणून प्रवेशाच्या दिवशी कार्यालयात सरळ विचारा: फी हप्त्याने घेता का? शिष्यवृत्तीचा अर्ज भरणाऱ्याकडून आत्ता किती घेता? अनुदानित कॉलेजातून या प्रश्नांना बरं उत्तर मिळतं. विचारायला संकोच करू नका, कार्यालयातल्या लोकांना तो रोजचा प्रश्न आहे.

शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचे असतात. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाख. खुल्या प्रवर्गातल्या, 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांच्या योजना वेगळ्या. तुमच्या मुलाला कुठली लागते, ते कॉलेजच्या शिष्यवृत्ती कारकुनाकडून समजून घ्या. एक गैरसमज फार पसरला आहे, तो इथे दूर करतो. "मुलींना फी पूर्ण माफ झाली" असं लोक म्हणतात, पण 2024 चा तो शासन निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. साध्या बी.ए.ला तो धरून बसू नका.

पैसे न येण्याचं सगळ्यात मोठं कारण मी दरवर्षी बघतो. अर्ज मंजूर असतो, कॉलेजने पुढे पाठवलेला असतो आणि खात्यात काहीच येत नाही. बँकेत गेल्यावर कळतं, की मुलाचं आधार भलत्याच खात्याला जोडलेलं आहे. पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात जातीलच असं नाही. आधारचं सीडिंग, म्हणजे जोडणी, शेवटी ज्या खात्याशी झाली, त्या खात्यात ते जातात. मुलाने मध्येच एखाद्या मेळाव्यात किंवा मोबाईलवर नवं खातं उघडलं असेल, तर शिष्यवृत्ती तिकडे. म्हणून अर्जाआधी बँकेत जाऊन विचारा: "आधार सीडिंग कुठल्या खात्याला आहे?" नुसतं केवायसी झालंय का, एवढं विचारून भागत नाही. आणि पोर्टलचा पासवर्ड सायबर कॅफेवाल्याच्या वहीत राहू देऊ नका. तो घरच्या वहीत लिहा.

वसतिगृहासाठी समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागाची शासकीय वसतिगृहं आहेत. आदिवासी विकासचे प्रकल्प कार्यालय नंदुरबार, तळोदा, धुळे आणि यावलला आहे. तिथे जागा मिळाली नाही तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार योजना, आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना. दोन्हीत राहण्या-जेवणाचा पैसा थेट खात्यात येतो. अक्कलकुवा-धडगावकडच्या पालकांनी हे दोन शब्द पाठच करावेत: स्वाधार, स्वयं.

गावाहून ये-जा असेल तर एस.टी.चा विद्यार्थी पास काढा. मुलींना वाटतं, महिलांना 2023 पासून निम्मं तिकीट आहे, पास कशाला? पण विद्यार्थी पासात सुमारे दोन तृतीयांश सवलत असते, तो अजून स्वस्त पडतो.

पायरी पाचवी: वेळ राखा

हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून जरा सविस्तर.

एका सत्रात साधारण 22 क्रेडिट असतात. व्याख्यानाचा एक क्रेडिट म्हणजे 15 तास. म्हणजे सत्राला 330 तास. सत्र पंधरा आठवड्यांचं धरलं, तर आठवड्याला 22 तास वर्गात. कारखान्यातल्या कामगाराचा आठवडा 48 तासांचा असतो. उरलेले 26 तास विद्यार्थ्याचे रिकामे नाहीत. ते वाचण्याचे, टिपणं काढण्याचे, ग्रंथालयात बसण्याचे आणि लिहिण्याचे आहेत. शिक्षक वर्गात धडा उघडून देतात, वाचायचा मात्र विद्यार्थ्याला.

प्रत्यक्षात काय होतं? सकाळी साडेसहाच्या एस.टी.ने मुलगा येतो. साडेसात ते साडेअकरा तास. बाराच्या गाडीने गावी. एकला जेवण, दीडला मोटर चालू करायला शेतात, चारला डेअरीवर, पाचला चौकात. ग्रंथालयात तो वर्षभरात दोनदा येतो, एकदा ओळखपत्रासाठी आणि एकदा पुस्तक न घेतल्याचा दाखला घ्यायला. या मुलाला "अभ्यास कर" सांगून उपयोग नाही. त्याच्या दिवसात अभ्यासाला जागाच नाही.

उपाय साधा आहे. जूनमध्ये कॉलेजचं वेळापत्रक घरी आणा आणि भिंतीवर लावा. मग घरच्या कामांची यादी त्याच्या शेजारी लिहा. आठवड्यातले तीन दिवस असे ठरवा, की मुलगा बाराच्या गाडीने येणार नाही, चारच्या गाडीने येईल. डबा सोबत. मधले चार तास ग्रंथालय. बाकीच्या तीन दिवशी तो शेतातलं काम करील आणि मन लावून करील. शेतकऱ्याच्या घरात मुलाने काम करू नये, असं मी म्हणत नाही. काम कधी, हे आधी ठरलेलं असावं, एवढंच.

कापूस वेचणीचा आणि परीक्षेचा काळ जवळजवळ एकच, ऑक्टोबर-नोव्हेंबर. त्या दोन महिन्यांसाठी मजुराची सोय ऑगस्टमध्येच बघून ठेवा. लग्नसराईचंही तसंच. चुलत-मावस नात्यातल्या प्रत्येक हळदीला मूल गेलंच पाहिजे असं नाही. "त्याचा पेपर आहे" हे वाक्य भावकीत मोठ्या आवाजात म्हणायला शिका. डॉक्टरकीच्या मुलासाठी आपण ते म्हणतोच.

मुलींच्या बाबतीत वेळ दोनदा जातो, एकदा घरकामात आणि एकदा "उशीर नको" या धास्तीत. चारची गाडी मुलीला नको वाटत असेल तर गावातल्या दोन-तीन मुलींचा गट करा, त्या सोबत थांबतील, सोबत येतील. संध्याकाळचा स्वयंपाक एक दिवसाआड भावाने किंवा वडिलांनी सांभाळला तर घर मोडत नाही. आणि पहिल्या वर्षात स्थळं बघू नका. मुलगी वर्गात बसलेली असते आणि मन घरी आलेल्या पाहुण्यांकडे असतं, हे आम्हाला समोरून दिसतं.

पायरी सहावी: मुलाला काय विचारायचं

"अभ्यास कसा चाललाय?" याला "चांगला" याहून दुसरं उत्तर नसतं. त्याऐवजी आठवड्यातून एकदा, जेवताना, असं विचारा: या आठवड्यात कुठल्या पुस्तकाची किती पानं वाचली? वर्गात तू काय बोललास? सरांच्या कुठल्या म्हणण्याशी तुझं पटलं नाही? काय लिहिलंस ते दाखव.

तुम्ही स्वतः चौथी शिकलेले असाल तरी हे विचारता येतं. उलट तुम्हाला समजेल असं सांगणं हाच मुलाचा अभ्यास आहे. मला आठवते ती अर्थशास्त्राची एक मुलगी, रावेरकडची. तिचा क्षेत्रप्रकल्प केळीच्या भावावर होता. तिच्या वहीत चार रकाने होते: तारीख, जाहीर झालेला भाव, व्यापाऱ्याने बांधावर दिलेला भाव आणि फरक. दुसरा रकाना ती वर्तमानपत्रातून भरायची, तिसरा तिचे वडील रात्री शेजाऱ्यांना विचारून सांगायचे. महिन्याभरात वडीलच विचारू लागले, "आज फरक एवढा का?" त्या एका "का"वर तिचा अख्खा प्रकल्प उभा राहिला. प्रकल्प नेटवरून उतरवून आणणाऱ्या मुलांच्या पालकांनी फक्त एवढं विचारावं, "यातलं आपल्या गावचं काय आहे?"

भाषेबद्दलही बोलायला हवं. घरी अहिराणी, भिली, पावरी बोलणारी मुलं वर्गात गप्प बसतात, कारण आपली भाषा गावठी आहे असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं. तुम्ही ते सांगू नका. प्रमाण मराठी लिहायला शिकावं, इंग्रजी रोज अर्धं पान वाचावं, आणि घरची भाषा जपावी. भाषेच्या आणि समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला आजीच्या तोंडच्या, कानबाई देवीच्या गाण्यांहून चांगला अभ्यासविषय मिळणार नाही. मोबाईलवर ती गाणी नोंदवून घ्यायला सांगा.

पायरी सातवी: खान्देशातली चार ठिकाणं दाखवा

पहिल्या सत्रात एखादा रविवार यासाठी काढा. धुळ्याला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळ आहे. राजवाडे 1926 च्या अखेरीस गेले आणि 1927 साली मंडळ सुरू झालं. जुनी कागदपत्रं आणि हस्तलिखितं तिथे आहेत. धुळ्यातच समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी हस्तलिखितांचा मोठा संग्रह आहे. अमळनेरचं तत्त्वज्ञान मंदिर श्रीमंत प्रताप शेठजींनी 1916 साली उभं केलं. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी एका तालुक्याच्या गावात स्वतंत्र संस्था असावी, हे त्या काळी एका व्यापाऱ्याला सुचलं होतं, हे मुलाला जरूर सांगा. चाळीसगावजवळ पाटणे इथे 1207 सालचा शिलालेख आहे. त्यात भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढल्याची नोंद आहे. गणिताच्या ग्रंथांसाठी मठ, आणि तो आपल्या चाळीसगावच्या डोंगरात!

तिथल्याच पाटणादेवीला आपण दर्शनाला जातोच. पुढच्या वेळी मुलाला वही घेऊन न्या.

पायरी आठवी: मूल बाहेरगावी असेल तर

पुण्याला सोडायला जाताना दोघंही जा आणि शक्य असेल तर एक मुक्काम करा. खोली, मेस, जवळचा दवाखाना आणि वसतिगृह अधीक्षकांचा नंबर एवढं बघून परत या. पहिल्या महिन्यात मूल रडवेलं होतं, "मला परत यायचंय" म्हणतं. लगेच महाराष्ट्र एक्सप्रेसचं तिकीट काढून आणायला धावू नका, पण ऐकून न घेताही राहू नका. रोज ठरलेल्या वेळी दहा मिनिटं बोला. दिवाळीला घरी आणा. शेवभाजीचा मसाला, कळण्याचं पीठ, पापड पाठवा. त्याने पोरगं लाडावत नाही.

पुण्यातल्या वर्गात भराभर इंग्रजी बोलणारी मुलं बघून आपलं मूल खचतं. हे बहुतेक मुलांचं होतं. पहिल्या सत्रात गुण उतरले तरी त्याचा अर्थ "झेपत नाही" असा लावू नका. लिहिण्यासाठी मदत करणारा विभाग किंवा मार्गदर्शक शिक्षक बऱ्याच कॉलेजांत असतो. तिथे तो गेला का, एवढं विचारा.

रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र विद्यार्थी आणि पालक दोघांनाही भरावं लागतं, ते वाचून भरा. तक्रारीचा राष्ट्रीय क्रमांक 1800-180-5522, चोवीस तास चालू असतो. मन फार खालावलं असेल, झोप उडाली असेल, मूल जेवत नसेल, फोन उचलत नसेल, तर शासनाच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेला 14416 वर फोन करा. तिथे मराठीत बोलता येतं आणि पालकही फोन करू शकतात. त्याआधी किंवा त्यानंतर, गाडीत बसा आणि जा. अशा वेळी पिकाचं काम थांबलं तरी चालेल.

पायरी नववी: स्पर्धा परीक्षेची घाई करू नका

बी.ए. म्हणजे एम.पी.एस.सी., हे समीकरण आपल्याकडे घट्ट बसलं आहे. पहिल्याच वर्षी मुलाला पुण्यात क्लासला ठेवायचं आणि कॉलेजात नुसतं नाव घालायचं, हे मला अजिबात मान्य नाही. राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली आहे, म्हणजे पानंच्या पानं स्वतःच्या शब्दांत लिहावं लागतं. ते लिहिणं शिकवण्याची जागा बी.ए.चा वर्गच आहे. तो बुडवून त्याचीच तयारी क्लासात विकत घ्यायची, यात पैसाही जातो आणि पदवीही कच्ची राहते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तयारी करायची तर बार्टी, सारथी, महाज्योती आणि टी.आर.टी.आय. या शासकीय संस्थांच्या मोफत प्रशिक्षणाच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा.

आणि इतर वाटाही मुलापुढे मांडा: पदवीनंतर तीन वर्षांची एल.एल.बी., दोन वर्षांचं बी.एड., समाजकार्य, पत्रकारिता, ग्रंथालयशास्त्र, भाषांतर, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व किंवा भाषाविज्ञान, गोखले संस्थेत अर्थशास्त्र. पहिल्या वर्षी यांतलं काही निवडायचं नाही, नुसतं माहीत असू द्यायचं.

पायरी दहावी: पहिल्या सत्राचा निकाल आणि उन्हाळा

निकालाच्या कागदावर टक्क्यांआधी मिळवलेले क्रेडिट बघा. एखादा विषय राहिला असेल तर पुढच्या परीक्षेचा अर्ज कधी निघतो ते विचारा आणि मुलाला त्या विषयाच्या शिक्षकांकडे एकट्याला पाठवा. तुम्ही सोबत जाऊ नका. क्रेडिट बँकेच्या खात्यात जमा झालेत का, तेही डिजिलॉकरवर बघून घ्या. गडबड पहिल्या वर्षी लक्षात आली तर ती कॉलेजातच मिटते.

उत्पन्नाचा दाखला 31 मार्चला संपतो. एप्रिल लागला की तलाठ्याकडे जा, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी नवा दाखला काढून पिशवीत ठेवा. दुसऱ्या वर्षी शिष्यवृत्तीचं नूतनीकरण करावं लागतं, ते आपोआप होत नाही. पोर्टल सुरू झालं की पहिल्या आठवड्यात अर्ज भरा, छापील प्रत कॉलेजात द्या आणि पोहोच घ्या. मे महिन्यात मुलाला किंवा मुलीला महिनाभर कुठेतरी कामाला बसू द्या: वाचनालयात, बाजार समितीत, वकिलांच्या कार्यालयात, गावच्या ग्रामपंचायतीत. पुढच्या वर्षांत प्रत्यक्ष कामाच्या जागी प्रशिक्षण घ्यावंच लागतं, त्याची ओळख आत्ताच होईल. आणि जूनमध्ये नवं वेळापत्रक आलं, की जुनं काढून भिंतीवर ते लावा.